स्वच्छतेमागचे हात

पावसाळा ओसरून ऑक्टोबर उजाडला, की आमच्या किनाऱ्यावर माडाच्या झावळ्यांच्या खोपी उभ्या राहू लागतात आणि त्यांच्याबरोबर आणखी एका व्यवसायाच्या पाट्या नव्याने रंगविल्या जातात. कांदोळी-कळंगुटपासून हरमलपर्यंत आणि तिकडे कोलव्यापासून काणकोणच्या पाळोळेपर्यंत 'आयुर्वेदिक मसाज' आणि 'स्पा' हे शब्द रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दिसू लागतात. या नावाखाली कोठे कोठे जे अनाचार चालतात आणि पोलिसांच्या छाप्यानंतर ज्यांच्या बातम्या झळकतात, त्यांविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. आजचा विषय तो नव्हे. तीन-चार टेबले, पाच-सहा माणसे आणि घराच्या पुढच्या दोन खोल्या एवढ्या भांडवलावर प्रामाणिकपणे तेल लावून पोट भरणारी जी छोटी केंद्रे आहेत, त्यांच्याविषयी आम्हांला चार शब्द लिहावयाचे आहेत. आणि तेही त्यांच्या तेलाविषयी नव्हे, तर तेल लावून झाल्यानंतर जे करावे लागते त्याविषयी.

अभ्यंग ही आपल्याला परकी गोष्ट नाही. वाग्भटाने 'अष्टांगहृदया'त ते दिनचर्येतच घातले आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटे कारीट फोडून, उटणे लावून होणारे स्नान गोमंतकातल्या कोणत्या हिंदू घराला ठाऊक नाही? बाळंतिणीला आणि तान्ह्या मुलाला तेल लावावयास येणारी वैजीण तर गेल्या पिढीपर्यंत घरोघर येत असे. ती एका सकाळी दोन, फार तर तीन घरे करी. तिला ऊन पाणी घरातली माणसे काढून देत, तेलकट फडकी घरातच धुतली जात, काम झाल्यावर ती पडवीत टेकून चहा घेई आणि मगच पुढच्या घरी जाई. तिची मजुरी बेताचीच होती आणि तिला सगळीकडे मान मिळत असे असेही आम्ही म्हणणार नाही. परंतु दोन अभ्यंगांच्या मध्ये तिच्या हातांना विसावा होता आणि धुण्या-पुसण्याचा भार तिच्या एकटीवर नव्हता. आजच्या केंद्रात तेल तीच लावते, टेबल तीच पुसते, चादर तीच बदलते, टॉवेल तीच धुते, न्हाणीघरही तीच घासते. आणि पुढचे गिऱ्हाईक तोवर दारात उभे असते.

बार्देशातील एका गावी असे एक केंद्र आहे. गावाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. आखातात पंधरा वर्षे नोकरी करून परतलेल्या एका गृहस्थाने वडिलार्जित घराच्या दर्शनी भागात ते थाटले आहे. गेल्या हंगामात तेथे जाण्याचा योग आला. भिंतीवर चौकटीत लावलेली नियमावली आम्ही वाचली, ती अशी की कोणत्याही रुग्णालयाने हेवा करावा: प्रत्येक गिऱ्हाइकामागे चादर बदलणे, टेबल जंतुनाशकाने पुसणे, हात कोपरापर्यंत साबणाने धुणे, पांढरा गणवेश दररोज धुतलेला असणे. मालक सज्जन होते. नियमावली त्यांनी स्वतः लिहिली होती आणि तिचा त्यांना अभिमान होता. तेवढ्यात सत्तरीकडची एक बाई टॉवेलांचा गठ्ठा घेऊन आली. तिच्या बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या आणि मनगटापर्यंतची कातडी लाल झाली होती. विचारल्यावर म्हणाली, "साबण झोंबतो, भाऊ. पण झोंबतो म्हणून सांगावे, तर हात खराब झाले म्हणून उद्यापासून येऊ नको म्हणतील. गिऱ्हाईक आधी हातच बघते." मालकांना हे ठाऊक नव्हते. ते ओशाळले. नियमावलीत हातांचे काय करावे हे लिहिले होते, हातांचे काय होते हे लिहिले नव्हते.

स्वच्छतेचे हे नियम म्हणजे मालकाचे किंवा विलायती गिऱ्हाइकांचे फाजील चोचले आहेत, असे मात्र कोणी समजू नये. इसवी सन २००० मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात वॉट्सनव्हिल या गावी, नखे रंगवून देणाऱ्या एकाच दुकानातल्या शंभराहून अधिक गिऱ्हाइकांच्या पायांवर गळवे उठली आणि काहींची महिनोन्‌महिने बरी झाली नाहीत. पाय बुडविण्याच्या यांत्रिक टबांत, पाणी ओढणाऱ्या जाळीच्या मागे केस आणि कातडीचा मळ साचलेला होता आणि त्यात क्षयाच्या जंतूंच्या जातकुळीतले, पण पाण्यात वाढणारे जंतू पोसले गेले होते. दिसणारा भाग चकचकीत होता. जाळी काढून मागे कोणी कधी पाहिले नव्हते. आमच्याकडे तर वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत टॉवेल दोरीवर आठ दिवस लोंबकळला तरी त्याची ओल जात नाही. अशा ओलसर, तेल मुरलेल्या कापडातून गजकर्ण एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जावयास वेळ लागत नाही, आणि त्यात पहिला बळी गिऱ्हाइकाचा पडतो की कामकरी बाईचा, हे सांगता येणार नाही. गिऱ्हाईक तासाभरात उठून जाते. ती त्या कपड्यांत दिवसभर वावरते.

तेव्हा स्वच्छता हवीच. प्रश्न आहे तो ती होते कशाने, हा. आपल्याकडे फिनेलचा वास आला की जागा स्वच्छ झाली असे मानण्याची जुनी खोड आहे. वस्तुतः जंतुनाशक द्रव्य तेलाच्या थरावर ओतून काहीही साधत नाही. आधी साबणपाण्याने तेल आणि मळ काढावा लागतो, मग जंतुनाशक लावून पृष्ठभाग काही मिनिटे ओला ठेवावा लागतो, मग कोरडा करावा लागतो. फवारा मारला आणि लगेच फडके फिरविले, तर गेला तो फक्त पैसा. लाकडाच्या द्रोणीत तर तेल रेषांतून मुरते. ती ऊन पाण्याने आणि साबणाने घासून वाळविण्यास आणखी वेळ हवा. बाजारातल्या साध्या ब्लीचमध्ये क्लोरीनद्रव्य चार-पाच टक्के असते आणि पुसण्यासाठी एक दशांश टक्का पुरे होतो; म्हणजे एक भाग ब्लीचला चाळीस-पन्नास भाग पाणी. उन्हाने आणि उष्णतेने त्याचा जोर जातो, म्हणून ते रोजच्या रोज कालवावे लागते. हे न समजलेला माणूस घाईच्या वेळी काय करतो? अंदाजाने दुप्पट-तिप्पट ओततो. त्याहून वाईट म्हणजे न्हाणीघरात ब्लीच आणि संडास धुण्याचे ॲसिड एकामागोमाग एक ओततो. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि खिडकी नसलेल्या कोंदट खोलीत तो छातीत जातो. पहिल्या महायुद्धात हाच वायू शस्त्र म्हणून वापरला होता, हे वाचकांस स्मरत असेल. एवढा अपघात टळला तरी रोजचे फवारे निर्धोक आहेत असे नाही. नॉर्वेतील बर्गन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या, सुमारे वीस वर्षे चाललेल्या पाहणीत असे आढळले, की साफसफाई करणाऱ्या स्त्रियांच्या फुप्फुसांची शक्ती इतर स्त्रियांपेक्षा अधिक वेगाने क्षीण होते.

म्हणजे खरी स्वच्छता बाटलीत नसते, ती वेळात असते. आणि वेळ हाच या धंद्यातला माल आहे! येथे साधे गणित करून पाहावे. सकाळी दहा ते रात्री आठ, असे सहाशे मिनिटांचे दुकान. एक तासाची मालिश पाठोपाठ लावली, तर एका टेबलावर दहा गिऱ्हाइके होतात. मध्ये पंधरा मिनिटे सोडली, तर आठच. दोन गिऱ्हाइकांची मिळकत डोळ्यांदेखत जाते आणि कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेल्या मालकाच्या पोटात गोळा येतो. म्हणून वहीत पाठोपाठची वेळ लिहिली जाते, भिंतीवर नियमावली टांगली जाते आणि त्या दोहोंमधले अंतर कामकरी बाईने आपल्या अंगाने भरून काढावे अशी मूक अपेक्षा ठेवली जाते. ती मग एक तर चादर उलटी करून घालते, किंवा जेवणाची वेळ आणि पाठ टेकण्याची वेळ त्यात घालते. पहिल्यात गिऱ्हाइकाची फसवणूक आहे, दुसऱ्यात तिची.

परंतु हे गणित अर्धेच आहे. कोणत्याही केंद्रात दहाच्या दहा तास गिऱ्हाईक नसते. दुपारी माणसे समुद्रावर असतात किंवा झोपलेली असतात. गर्दी होते ती चार ते आठ. त्या चार तासांत पाठोपाठ चार होत असतील, तर पंधरा मिनिटे सोडून तीन होतील. हानी दोनाची नव्हे, एकाची. आणि दुपारचा दर थोडा उतरविला तर ते एकही तीनच्या सुमारास येऊ शकेल. शिवाय लागोपाठ चार तास अंगठ्याने आणि मनगटाने जोर लावणारी बाई चौथ्या गिऱ्हाइकाला काय देत असेल, हे ज्याने पैसे मोजले आहेत त्यालाच ठाऊक! अंगठ्याचा सांधा एकदा गेला की तो हंगामापुरता जात नाही.

हातांच्या संदर्भात एक जुनी हकीकत सांगण्याचा मोह आवरत नाही. अमेरिकेत बाल्टिमोर येथे १८८९ साली जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय सुरू झाले. तेथे विल्यम हॉलस्टेड हे शल्यविशारद होते. त्यांच्या शस्त्रक्रियागृहात सर्वांना पाऱ्याच्या क्षाराच्या तीव्र द्रावणात हात बुडवावे लागत. कॅरोलाइन हॅम्प्टन नावाच्या प्रमुख परिचारिकेच्या हातांना त्याने इसब झाले. ती कामात निष्णात होती आणि नोकरी सोडण्याच्या बेतात होती. हॉलस्टेड यांनी तिच्या हातांचे साचे घेऊन गुडइयर रबर कंपनीकडून पातळ रबरी हातमोजे करवून घेतले. (पुढे १८९० मध्ये उभयतांचा विवाह झाला, हा भाग निराळा.) शल्यचिकित्सेतील रबरी हातमोज्यांचा तेथे उगम झाला, रोग्याला जंतू लागू नयेत म्हणून नव्हे, तर एका परिचारिकेचे हात वाचावेत म्हणून. नंतर हॉलस्टेड यांचेच सहकारी ब्लडगुड यांनी दाखवून दिले, की मोजे घालून केलेल्या हर्नियाच्या शस्त्रक्रियांत जखमा चिघळण्याचे प्रमाण पुष्कळ उतरले आहे. कामकरी माणसाच्या हातांची चिंता वाहता वाहता रोग्याचे प्राण वाचू लागले. जे मालक 'एक तर स्वच्छता पाहू, नाही तर माणसे पाहू' असा पेच आमच्यापुढे मांडतात, त्यांनी या घटनेचा अवश्य विचार करावा.

मालिश करताना हातमोजे चालत नाहीत हे उघड आहे. पण पुसताना, घासताना, धुताना ते घालावयास काय हरकत आहे? जर्मनीत पाळीतील दोन तासांहून अधिक वेळ हात ओले राहणाऱ्या कामाची वेगळी गणना होते आणि त्वचेच्या रक्षणाची जबाबदारी मालकावर येते. आमच्या या बाईचे हात दिवसातून किती तास ओले असतात, याची मोजदाद कोणी केलेली नाही. २०२० सालच्या साथीनंतर दारोदारी अल्कोहोलच्या बाटल्या आल्या, आणि अल्कोहोल वारंवारच्या साबणापेक्षा त्वचेला सौम्य पडते हेही खरे; परंतु तेलाने माखलेल्या हातांवर त्याचा उपयोग होत नाही. तेथे साबणच हवा. तो सौम्य असावा, पाणी कढत नसावे, हात पुसून कोरडे व्हावेत आणि मग साधे मलम लावावे. यास लागणारा खर्च मालकाने दाराशी ठेवलेल्या पितळी समईच्या तेलवातीपेक्षा अधिक नसेल.

धुण्याचा विषय आला म्हणून एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती फारशी कोणास ठाऊक नसते. वनस्पतिजन्य तेल नीट न निघालेले टॉवेल यंत्रात गरम वाळवून तसेच घडी घालून रचून ठेवले, तर आतल्या आत उष्णता वाढून ते आपोआप पेट घेऊ शकतात. खोबरेल यात पुष्कळ निरुपद्रवी. तिळाचे तेल तितके नव्हे. पावसात कपडे वाळत नाहीत म्हणून वाळविण्याचे यंत्र घेणाऱ्या केंद्रांनी हे ध्यानात धरावे: तेल निघेल असे गरम पाणी, पुरता साबण, आणि यंत्रातून काढल्यावर निवू देऊन मग घडी. रात्री उशिरा दमलेल्या बाईने गरम गठ्ठा कपाटात कोंबला तर दोष तिचा म्हणावयाचा की वेळापत्रकाचा? प्रत्येक टेबलामागे कापडाचे तीन संच असावेत, पावसाळ्यात चार. म्हणजे ही घाईच उरत नाही.

आणखी एक नाजूक बाब आहे आणि ती आपल्याच घरची आहे. हातात अंगठी, मनगटात बांगड्या असू नयेत, असा नियम बहुतेक ठिकाणी आहे. अंगठीखाली साबण आणि ओल साचते, कातडी सडते, जंतूही तेथेच राहतात. नियम शास्त्रशुद्ध आहे. परंतु लग्न झालेल्या बाईला पहिल्या दिवशी सर्वांसमक्ष 'बांगड्या काढ' म्हणून सांगणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना समजावून सांगावयास नको. हिरवा चुडा आमच्याकडे केवळ दागिना नाही. नियम सांगणारी वडीलधारी बाई असावी, कारण नीट सांगावे, ऐवज ठेवावयास कुलपाचा खण द्यावा, मंगळसूत्र गणवेशाच्या आत राहू द्यावे. आणि एवढे करूनही जी बांगड्या उतरविण्यास राजी नसेल, तिला टेबलाचे काम न देता गिऱ्हाइकांची नोंद, कापडाचा हिशेब असे काम द्यावे. हे सारे पाळणारी केंद्रे आम्ही पाहिली आहेत. तेथे बायका टिकतात.

ज्या मुली दूरच्या आहेत त्यांची कथा निराळी. मिझोराम, नागालँड, मणिपूर येथून आलेल्या कितीतरी मुली या व्यवसायात आहेत. ज्या नाताळात आमचा किनारा माणसांनी फुलतो, त्याच नाताळात त्यांना घरी जाता येत नाही, कारण तोच कमाईचा काळ. मालकाने दिलेल्या एका खोलीत सहा-सहा जणी राहतात आणि उन्हाळ्यात टँकर न आल्यास न्हाणीला पाणी नसते. अशा खोलीतून रोज सकाळी निष्कलंक पांढरा गणवेश बाहेर पडावा, ही अपेक्षा ठेवणाऱ्याने आधी ती खोली पाहावी. खरूज गर्दीत पसरते. ती खोलीत एकीला झाली की आठवडाभरात टेबलापर्यंत येते. तसेच तापाचे. आजारी पडल्यास दिवसाचा पगार कापला जात असेल, तर ताप आलेली मुलगी गोळी घेऊन कामावर येणारच. आजारपणाची भरपगारी रजा ही दानधर्माची बाब नाही. ब्लीच आणि साबणाच्या यादीत तिचे नाव लिहावयास हवे. ज्या केरळच्या नावाने आपण पाट्या रंगवितो, त्या केरळने २०१८ साली दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती करून कामगाराला बसण्याचा हक्क दिला. आमच्या कित्येक केंद्रांत गिऱ्हाइकासाठी वेताच्या खुर्च्या आहेत, कामकरी मुलीसाठी साधे स्टूल नाही.

स्वच्छतेची आवड आपल्या समाजाला पूर्वापार आहे. सोवळ्या-ओवळ्याचा केवढा पसारा आपण मांडला होता! पण भांडे घासणाऱ्या हाताकडे पाहण्याची सवय आपण लावून घेतली नाही. तीच उणीव आता पाट्या इंग्रजी झाल्या तरी चालूच आहे. परवाने देणाऱ्या आणि तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यांची दृष्टीही त्याहून निराळी नसते: फरशी पाहिली, न्हाणीघर पाहिले, कागद पाहिले, चहा घेतला, गेले. कपाट उघडून टॉवेल किती आहेत ते मोजावेत आणि वही उघडून दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये किती मिनिटे आहेत ते पाहावे. त्या दोन आकड्यांवरून केंद्राची स्वच्छता जितकी कळेल, तितकी फरशीवरून कळणार नाही. जमल्यास एखाद्या मुलीचे हातही पाहावेत.

बार्देशातील त्या केंद्रात या हंगामाच्या आरंभी पुन्हा जाणे झाले. नियमावली भिंतीवर तशीच आहे. खाली शाईने एक ओळ वाढविली आहे, ती पंधरा मिनिटांची. धुण्यासाठी गावातलीच एक बाई अर्ध्या दिवसाच्या पगारावर ठेवली आहे, आणि त्यामुळे डिसेंबरपर्यंत तरी हातात काही उरणार नाही, असे मालकांनी स्वतःहून सांगितले. सत्तरीची बाई अजून आहे. हात पूर्वीपेक्षा बरे आहेत, पण पुरते बरे झालेले नाहीत. डॉक्टरांनी वेळ लागेल म्हणून सांगितले आहे. आम्ही निघालो तेव्हा पाचचे गिऱ्हाईक वीस मिनिटे आधीच येऊन थडकले होते, आत टेबल ओले होते, आणि मालक त्याला सोप्यावर बसवून कोकमचे सरबत देत होते.